बरोबर कोण आहे?

हनोईचं तिकीट काढल्याचं मी सगळ्यात आधी वॉर्डात सांगितलं. सकाळचे पावणेआठ, नाइट संपत आलेली, हँडओव्हर चाललेला. दिवसपाळीच्या सिस्टरने वहीतून मान वर केली आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?" दुपारी भावाने तेच विचारलं. संध्याकाळी किराणा दुकानदाराने. दुसऱ्या दिवशी बँकेत परकीय चलन द्यायला बसलेल्या मुलीने. शेजारच्या काकूंनी तर दोनदा विचारलं, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं अशा समजुतीने. "कुणी नाही, एकटीच चाललेय," असं सांगितलं की समोरचं माणूस थोडं थांबायचं, आणि मग वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट यायची: बाईमाणसाने एकटीने अनोळखी मुलखात जावं का?

मी त्रेपन्न वर्षांची आहे. लग्न केलं नाही. मिरजेत अठ्ठावीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी करते. नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस हनोईला राहून आले, त्यालाही आता काही महिने झाले. आल्यापासून वॉर्डातल्या तरुण मुली तोच प्रश्न स्वतःसाठी विचारतात. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत काय सांगणार? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या प्रश्नाबद्दलच बोलते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे केरळातून आलेल्या सिस्टर होत्या. अठरा-वीस वर्षांच्या असताना पत्र्याची ट्रंक घेऊन रेल्वेतून मिरजेला उतरलेल्या, मराठीचा एक शब्द येत नसलेल्या. त्यांतल्या काही पुढे कुवेतला गेल्या, मस्कतला गेल्या, तिथेही एकट्याच. माझी मावशी सातवी शिकलेली, चौसष्ट वर्षांची. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेली, मध्ये दुबईला विमान बदलून. बॅगेत डिंकाचे लाडू आणि हातात मुलीने इंग्रजीत लिहून पाठवलेला कागद, की ही बाई कुठे चालली आहे आणि तिला कुठल्या गेटवर सोडावं. तिला कुणी विचारलं नाही की एकटीने जावं का. सगळ्यांनी कौतुकच केलं, हळदीकुंकू लावून निरोप दिला.

म्हणजे बाईने एकटीने परदेशी जाणं आपल्याला नवं नाही. नोकरी, बाळंतपण, नवऱ्याची बदली, अशी कशाची तरी चिठ्ठी तिच्या हातात असली की चालतं. बाई स्वतःच्या आनंदासाठी निघाली, की मग धोके दिसायला लागतात. धोके तेच असतात. विमानतळ तोच, रात्र तीच, टॅक्सीवाला तोच. हे मला मनापासून खटकतं.

खरं तर हा प्रश्न आपल्याकडे एकशे चाळीस वर्षांपूर्वी जाहीरपणे विचारून झाला आहे, आणि त्याला उत्तरही मिळालं आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा नवरा गोपाळराव बंगालमध्ये श्रीरामपूरला पोस्टात होते. लोकांची कुजबुज वाढली, तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. वय अठरासुद्धा पुरं नव्हतं. लोक जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी ओळीने घेतले आणि एकेकाला उत्तर दिलं. त्यांत एक होता की एकटी का जातेस. दुसरा, तिथे काही संकट आलं तर काय करशील. एकटी का, याला त्यांनी सरळ घरची परिस्थिती सांगितली: दोघांनी जाण्याएवढे पैसे नाहीत आणि नवऱ्याच्या जिवावर घरची माणसं अवलंबून आहेत. त्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि 1886 साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. मला त्या भाषणातली पद्धत फार मोलाची वाटते. भीती खोटी आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी भीतीचे तुकडे केले आणि एकेक तुकडा हातात घेतला.

कॅज्युअल्टीत आम्ही तेच करतो. "पेशंट सीरियस आहे" असं कुणी ओरडत आलं तर त्यावर काही करता येत नाही. नाडी किती, बीपी किती, श्वास कसा, रक्त कुठून जातंय, हे बघितलं की हात चालायला लागतात. "परदेशात एकटी" हीही तशीच आरोळी आहे. त्यात नेमकं काय आहे ते बघावं लागतं. धोका नसतोच असं मी म्हणणार नाही, माझ्या धंद्यातली कुठलीही बाई तसं म्हणणार नाही. पण माझ्या अंगाला नको तिथे हात लागला तो सांगलीहून मिरजेला येणाऱ्या भरलेल्या बसमध्ये, एकविसाव्या वर्षी, आणि ती वाट माझ्या रोजच्या पायाखालची होती. ओळखीचं आणि सुरक्षित हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

हनोईच का? मुंबईहून थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास लागतात. व्हिसा घरबसल्या निघतो. एका वेळच्या प्रवेशाला 25 डॉलर, आणि 2023 च्या ऑगस्टपासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. (सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी त्यांच्या सरकारची खूण असते, ती बघूनच पैसे भरा. हुबेहूब तशीच दिसणारी खाजगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.) आणि एक कारण माझं स्वतःचं. कुठेतरी वाचलं होतं की हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांची नावं धंद्यावरून आहेत. रुप्याची गल्ली, पत्र्याची गल्ली, कागदाची गल्ली. मी मिरजेची, सतारमेकर गल्लीवरून रोज कामाला जाणारी. वाळत घातलेले भोपळे बघत आणि तारा जुळवल्याचा आवाज ऐकत मोठी झालेय. असं दुसरं गाव बघावं, एवढीच इच्छा होती.

आता तुकडे. सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे उतरल्यानंतरचे पहिले चार तास. झोप झालेली नसते, भाषा कळत नाही, पैसे ओळखीचे नसतात, फोन चालत नाही आणि सामान अंगावर असतं. फसवणूक होते, चुकीच्या गाडीत बसणं होतं, ते बहुतेक याच वेळात. म्हणून मी एक नियम केला: उजेडी पोचायचं. रात्री उशिरा पोचणारं विमान स्वस्त होतं, तरी मध्यरात्री निघून सकाळी पोचणारं घेतलं. हनोईचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. सकाळी सातला मी नोई बाई विमानतळाच्या बाहेर होते, फोनमध्ये तिथलं सिमकार्ड टाकून, हॉटेलचं नाव-पत्ता व्हिएतनामी भाषेत छापलेला कागद हातात धरून. कागद मावशीकडून शिकले.

शहर तिथून जवळपास 30 किलोमीटर. मी 86 नंबरची बस धरली. तिकीट 45,000 डाँग, म्हणजे आपले दीडशे रुपये. बस मला टॅक्सीपेक्षा बरी वाटते कारण तीत इतर बायका असतात. टॅक्सीच घ्यायची तर फोनवरून मागवलेली, भाडं आधी दिसणारी घ्यावी आणि नंबरप्लेट जुळवूनच दार उघडावं. दारात येऊन "मॅडम, टॅक्सी" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. हनोईत एकाच नावाची दोन-तीन हॉटेलं असतात, आणि भलत्याच हॉटेलात नेऊन सोडण्याचा प्रकार तिथे जुना आहे. कागदावरचा घरनंबर बघूनच मी आत शिरले.

हॉटेल निवडताना मी फक्त तीन गोष्टी बघितल्या: रात्रभर कुणीतरी काउंटरवर असतं का, एकट्या राहिलेल्या बायकांनी काय लिहिलंय, आणि खोली तळमजल्यावर तर नाही ना. जुन्या हनोईतली घरं समोरून एका दुकानाएवढी रुंद आणि आत बोगद्यासारखी लांब असतात. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला होती. रात्री दाराला कडी घातल्यावर मी खालच्या फटीत रबराची पाचर सरकवायचे. वॉर्डाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही लावतो तसलीच, मिरजेच्या हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस रुपयांना घेतलेली. कुणी बाहेरून किल्लीने उघडलं तरी दार पाचरेवर अडतं. नऊ रात्रींत कुणी दाराला हात लावला नाही. पण ती पाचर पायाने दाबून बसवली की मला झोप लागायची, आणि परक्या गावात झोप फार महत्त्वाची. न झोपलेलं माणूस चुकीचे निर्णय घेतं, हे मी अठ्ठावीस वर्षं बघते आहे.

मग रस्ता. शहराच्या मधोमध होआन किएम नावाचं तळं आहे. त्याच्या काठाने दुचाक्यांचा लोंढा वाहतो, त्याला खंड नाही. पहिल्या संध्याकाळी मी पदपथाच्या कडेला दहा-बारा मिनिटं उभी होते. सिग्नल होता, पण हिरवा माणूस दिसला तरी वळणाऱ्या गाड्या थांबत नव्हत्या. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने निघताना सांगितलं होतं: थांबू नका, पळू नका, मागे फिरू नका. एका चालीने चालत राहा. तेवढ्यात खांद्यावर कावड घेतलेली एक म्हातारी माझ्या शेजारी आली. आपल्याकडची कावड, तशीच. बांबूची दांडी, दोन्ही बाजूंना टोपल्या, एकीत पेरू आणि दुसरीत तराजू. ती खाली उतरली. मी तिच्या बाजूने, गाड्या येतात त्याच्या उलट अंगाला, एक पाऊल मागे धरून उतरले. ती कुणाकडे बघत नव्हती, कावडीचा झोका चुकू न देता चालली होती. दुचाक्या आमच्या पुढून आणि मागून फुटून जात होत्या, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तसं. चालवणारा तुमच्या चालीवरून आपली वाट आधीच ठरवतो. मध्येच थबकलात तर त्याचा हिशेब चुकतो. मोटारी आणि बस यांना मात्र हे लागू नाही, त्यांना आधी जाऊ द्यायचं. पलीकडे पोचल्यावर म्हातारी आपल्या वाटेने गेली, आणि माझे तळहात घामाने ओले झाले होते. तिसऱ्या दिवशी मी तो रस्ता एकटी ओलांडत होते.

दुसऱ्या दिवशीपासून लोक मला वय विचारायला लागले. खाणावळीतली बाई, बसमधली विद्यार्थिनी, कापडवाली. त्यानंतर लग्न झालंय का, मुलं किती. आपल्याला हा प्रश्न एकट्या बाईला टोचतो, मलाही पहिल्यांदा टोचला. मग काउंटरवरच्या मुलीने समजावलं. त्यांच्या भाषेत रोजच्या बोलण्यात सगळ्यांना चालेल असा "तुम्ही" नाही. समोरच्याला नात्याने हाक मारावी लागते. आपल्याहून मोठी बाई "ची", म्हणजे ताई. आईच्या पिढीतली "को", आजीच्या वयाची "बा", आणि धाकट्या भावंडाच्या वयाचं कुणीही "एम". वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा म्हणतो, त्यापुढची ही पायरी. ते कळल्यावर मी दोन्ही हातांची बोटं दाखवून वय सांगायला लागले आणि माझ्या आजूबाजूचं शहर एकदम वेगळं झालं.

पैशांत मात्र फसले. तिथली 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 ची नोटही निळसरच. पहिलीचे सुमारे सत्तर रुपये, दुसरीचे साडेसोळाशेच्या वर. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला एका दुचाकीवाल्याला मी घाईत मोठी नोट दिली आणि रात्री हिशेब लिहिताना लक्षात आलं. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. त्या रात्री खूप वाईट वाटलं, घरी फोन करून सांगावंसंही वाटेना. सकाळी मोठ्या नोटा वेगळ्या करून आतल्या पिशवीत ठेवल्या आणि हातातल्या पाकिटात फक्त छोट्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जाणाऱ्या प्रत्येकीला मी हे आधी सांगते. त्याखालोखाल, रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनमध्ये नकाशा बघू नका, गाडीवरून येऊन फोन हिसकावतात. दुकानाच्या आत शिरा, मग बघा.

आणि एक संध्याकाळ, जिच्याबद्दल मी भावाला अजून सांगितलेलं नाही. सहाव्या दिवशी तळ्यावरून परतताना एक माणूस मागे आहे असं वाटलं. मी थांबले की तो थांबायचा. दोनदा गल्ली बदलली, तरी होता. कदाचित त्याचीही तीच वाट असेल. पण संशय आला की पुरावा गोळा करत बसायचं नाही, हे आम्ही नव्या मुलींना नाइटला शिकवतो. समोर हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान दिसलं, आत शिरले. काउंटरमागे पांढऱ्या कोटातली बाई होती. मी फोनवर भाषांतर करून दाखवलं: मी परिचारिका आहे, बाहेरच्या माणसाची भीती वाटते, इथे थोडं बसू का? तिने बाहेर पाहिलं, मला स्टूल दिलं, दार अर्धं ओढून घेतलं आणि हॉटेलच्या कार्डावरचा नंबर स्वतःच्या फोनवरून लावला. वीस मिनिटांनी काउंटरवरची मुलगी मला न्यायला आली. तोवर तो माणूस दिसेनासा झाला होता. त्या वीस मिनिटांत माझे गुडघे थरथरत होते, हे मी लपवणार नाही. पण काय करायचं ते ठरलेलं होतं. पोलिसांचा नंबर 113, रुग्णवाहिकेचा 115, भारतीय वकिलातीचा फोन, हे तिन्ही कार्डाच्या मागे लिहिलेले होते. त्यांची वेळ आली नाही.

खाण्याचं थोडक्यात. मी शाकाहारी आहे आणि तिथे माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यात पडतो. पण "आन चाय" हे दोन शब्द, म्हणजे मी शाकाहारी, पुष्कळ उपयोगी पडले. त्यांच्या चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे बरीच माणसं स्वतःच शाकाहार करतात, आपल्या एकादशी-संकष्टीसारखं. त्यामुळे "चाय" लिहिलेली खाणावळ गल्लीगल्लीत सापडते.

ज्यासाठी गेले होते त्या गल्ल्या दिवसभर पायी फिरले. पत्र्याच्या गल्लीत अजून हातोडे चालतात. पण माझा पाय निघाला नाही तो लान ओंग गल्लीतून. अठराव्या शतकातल्या एका नामवंत वैद्याचं नाव आहे तिला, आणि दोन्ही बाजूंना काष्ठौषधींची दुकानं आहेत. साली, मुळ्या, वाळलेली फुलं, पोत्यांनी भरलेली. दालचिनी तेवढी वासावरून ओळखली. एका दुकानात दीड तास बसले, दुकानदारीण एकेक मूळ हातात देत गेली आणि मी फोनवरून विचारत गेले. बरोबर कुणी असतं तर "चला आता" म्हटलं असतं. एकटीने जाण्यातलं सुख कुणी विचारलं तर माझ्याकडे हा दीड तास आहे. दुसऱ्या दिवशी महिला संग्रहालयात गेले, तिथे बाळंतपणाच्या रीतींचं दालन आहे, तिथेही असंच. या देशात इसवी सन 40 मध्ये ट्रुंग नावाच्या दोन बहिणींनी चिनी सत्तेविरुद्ध उठाव केला होता. शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांच्या पुतळ्यांचे फोटो मी वॉर्डातल्या मुलींना दाखवले.

रोज रात्री नऊला मी धाकट्या बहिणीला हँडओव्हर द्यायचे. उद्या कुठे, कशाने, किती वाजता परत, हॉटेलचा नंबर तोच. साडेनऊपर्यंत निरोप आला नाही तर तिने हॉटेलला फोन करायचा आणि दहाला वकिलातीला, असं ठरलेलं. पासपोर्ट, व्हिसा, विमा, रक्तगट, सगळ्याचे फोटो तिच्याकडे होते. एकटी म्हणजे कुणाला पत्ता नसलेली, असं नाही. सातव्या दिवशी तिने सुखरूप आहेस ना हे विचारलंच नाही, त्या औषधाच्या गल्लीत काय काय मिळतं ते विचारत बसली.

शेवटच्या दिवशी पहाटे पाचलाच जाग आली. तळ्याकाठी जायचे-यायचे तेव्हा ऐकलं होतं की उजाडताना बायका व्यायामाला जमतात. हॉटेलमधून निघाले तेव्हा अजून पुरतं फटफटलं नव्हतं, पण रस्ता माणसांनी भरलेला होता. पाण्यावर धुकं, लाल पूल, आणि काठावर पन्नास-साठ बायकांच्या रांगा, बहुतेक साठीच्या पुढच्या, गाण्यावर हात वर-खाली करत असलेल्या. मी बाजूला उभी राहून बघत होते. मागच्या रांगेतल्या एकीने खुणेने बोलावलं. गेले. तिने विचारायच्या आत मी बोटांनी दाखवलं, पन्नास आणि तीन. तिने स्वतःचं दाखवलं, साठ आणि सात. मग माझा दंड धरून मला आपल्या डावीकडे उभं केलं, माझे खांदे हाताने सरळ केले आणि म्हणाली, "एम."

अठ्ठावीस वर्षं अनोळखी माणसं मला सिस्टर म्हणत आली आहेत, आणि त्या हाकेला मी मोठी बहीण होऊन धावत आले आहे. धाकटी म्हणून कुणी हाक मारल्याला फार दिवस झाले होते. गाणं पुढे सरकलं होतं. तिने हात वर केले, मीही केले.